‘केवळ’ या पदाची व्याप्ती : विश्वास आणि कर्म यांविषयीच्या ख्रिस्ती वादाची भाषिक बाजू

इ. स. १५३० च्या उन्हाळ्यात औग्सबुर्ग येथे सम्राट पाचव्या चार्ल्सच्या समोर जर्मन संस्थानांची धर्मविषयक सभा चालू असता मार्टिन लूथर सभास्थानापासून दूर, कोबुर्गच्या किल्ल्यात राहिला होता. साम्राज्याने त्याला बहिष्कृत केले असल्यामुळे सभेस जाणे त्याला शक्य नव्हते. याच मुक्कामात, सप्टेंबर महिन्यात, त्याने भाषांतराविषयी एक खुले पत्र लिहिले. पत्राचे निमित्त वरकरणी अगदी लहान आहे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील अठ्ठाविसाव्या वचनाचे जर्मन भाषांतर करताना लूथरने ‘आलाइन’, म्हणजे ‘केवळ’, हे पद मुळात नसताना घातले होते. आणि त्याबद्दल विरोधकांनी त्याच्यावर शास्त्रवचनाचा विपर्यास केल्याचा आरोप ठेवला होता. एका अव्ययावरून एवढे वादंग माजावे याचे आज नवल वाटेल. परंतु ज्या प्रश्नावरून पश्चिम युरोपातील ख्रिस्ती समाज दुभंगला, त्या प्रश्नाचा सारा भार या एका पदावर येऊन पडला होता. मनुष्य देवापुढे नीतिमान ठरतो तो केवळ विश्वासाने, की विश्वासाला कर्मांची जोड असावी लागते, हा तो प्रश्न होय.

प्रश्नाची ही रूढ मांडणी सोयीची असली तरी ती दोन्ही पक्षांना न्याय देणारी नाही. कॅथलिक पक्ष ‘विश्वास अधिक कर्म’ अशी बेरीज करतो असे समजले जाते. पण ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी संमत केलेल्या निर्णयातील अगदी पहिला नियम, देवाच्या कृपेवाचून मनुष्य स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरू शकतो असे म्हणणाऱ्यालाच दोषी धरतो. उलट, प्रोटेस्टंट पक्षाला सत्कर्मांचे सोयरसुतक नाही असाही एक समज आहे. आणि तो लूथरने १५२२ साली याच पत्राला जोडलेली प्रस्तावना ज्याने वाचली आहे त्याच्या ठायी टिकणे कठीण आहे. विश्वास ही जिवंत आणि सदैव उद्योगी गोष्ट असून तिच्या हातून चांगले घडल्यावाचून राहतच नाही, असे तेथे त्याने ठासून सांगितले आहे. मग भांडण कशाचे होते? या भांडणाचा काही भाग तत्त्वाचा आहे, काही भाग शब्दांचा आहे, आणि शब्दांचा भाग सामान्यतः मानला जातो त्याहून पुष्कळ मोठा आहे.

प्रथम मूळ वाक्य पाहावे. पौलाच्या ग्रीक वाक्याचा आशय एवढाच की, मनुष्य नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो असे आम्ही धरतो. ‘पिस्तेइ’ हे ‘पिस्तिस’ या नामाचे चतुर्थीचे रूप येथे करणार्थी आले आहे. त्याला ‘मोनोन’, म्हणजे ‘केवळ’, हे विशेषण किंवा अव्यय जोडलेले नाही. लॅटिन भाषांतरातही ‘सोला’ हे पद नाही. लूथरला ही गोष्ट पूर्ण ठाऊक होती आणि पत्रात त्याने ती स्वच्छ शब्दांत मान्य केली आहे. त्याचे समर्थन निराळ्या पायावर उभे आहे. आपण लॅटिन किंवा ग्रीक बोलावयास निघालो नसून जर्मन बोलावयास निघालो आहोत; आणि जर्मन भाषेची रीतच अशी आहे की, दोन गोष्टींचा उल्लेख करून त्यांपैकी एकीचे विधान आणि दुसरीचा निषेध करावयाचा असेल, तेव्हा नकारार्थी पदाच्या जोडीला ‘आलाइन’ हे पद येते, असे त्याचे म्हणणे. शेतकरी केवळ धान्य आणतो, पैसे आणीत नाही, हे त्याने दिलेल्या उदाहरणांपैकी एक. भाषा कशी बोलावी हे घरातल्या आईला, रस्त्यावरच्या पोरांना आणि बाजारातल्या माणसाला विचारावे, लॅटिनच्या अक्षरांना विचारू नये, हा त्याचा सुप्रसिद्ध उपदेश याच संदर्भातील आहे.

मराठी वाचकाला हा युक्तिवाद पटण्यास फारसे सायास पडू नयेत. जर्मन जे काम ‘आलाइन’ या स्वतंत्र पदाकडून करून घेते, ते मराठी ‘च’ या शब्दयोगी अव्ययाकडून करून घेते. ‘शेतकरी धान्य आणतो, पैसे आणीत नाही’ हे वाक्य अशुद्ध नाही, पण बोलणाऱ्याच्या तोंडी सहज येणारे वाक्य ‘शेतकरी धान्यच आणतो, पैसे नाही’ हे होय. विरोधाचा तोल सांभाळण्यासाठी मराठीला ‘च’ लागतो आणि तो घातल्याने वाक्यात कोणतेही नवे विधान शिरत नाही. तेव्हा भाषांतराचा प्रश्न म्हणून पाहिले तर लूथरची बाजू बळकट आहे. मात्र तो तेवढ्यावर थांबला नाही. पत्राच्या उत्तरार्धात त्याने असेही म्हटले की, भाषेची रीत बाजूला ठेवली तरी पौलाच्या सिद्धान्ताचा आशयच हे पद मागतो. हे दोन साक्षीदार एकत्र उभे करण्यात त्याने आपल्याच बाजूची थोडी हानी केली असे म्हणावे लागते. भाषेची रीत पुरेशी असेल तर सिद्धान्ताची साक्ष अनावश्यक आहे. आणि सिद्धान्ताची साक्ष आवश्यक असेल तर ‘आलाइन’ हे निव्वळ रीतीचे पद राहत नाही.

येथेच खरी अडचण सुरू होते. ‘केवळ’ किंवा ‘च’ ही पदे व्यावर्तक आहेत. परंतु ती कशाची व्यावृत्ती करतात हे त्या पदांत सांगितलेले नसते, ते संदर्भावरून ठरते. ‘शेतकरी धान्यच आणतो, पैसे नाही’ या वाक्याने पैशांची व्यावृत्ती होते. शेतकरी धान्याबरोबर चार भोपळे घेऊन आला तर वाक्य खोटे ठरले असे कोणी म्हणणार नाही. पण हेच वाक्य अर्धे तोडून ‘शेतकरी धान्यच आणतो’ एवढेच दारावर लिहून ठेवले, तर भोपळ्यांचा प्रश्न लगेच उपस्थित होईल. लूथरच्या पदाचे नेमके हेच झाले. रोमकरांस पत्रातील वाक्यात ‘नियमशास्त्राच्या कर्मांवाचून’ हा अंश समोर असल्यामुळे ‘केवळ’ची मर्यादा आखलेली आहे. ‘सोला फिदे’, ‘केवळ विश्वासाने’, हे घोषवाक्य त्या वाक्यातून सुटे होऊन फिरू लागले, तेव्हा मर्यादा नाहीशी झाली. त्यात प्रीतीची व्यावृत्ती आहे काय? आशेची? बाप्तिस्म्याची? पश्चात्तापाची? प्रत्येक ऐकणाऱ्याने आपापल्या भीतीप्रमाणे ती यादी भरली.

या मर्यादेची जाणीव जुन्या भाष्यकारांना होती. रुफिनुसच्या लॅटिन भाषांतरात उपलब्ध असलेल्या ओरिगेनच्या भाष्यात क्रूसावरील चोराचे उदाहरण याच वचनाच्या संदर्भात आले आहे. त्या चोराला कर्म करण्यास अवधीच नव्हता. चौथ्या शतकातील ज्या अनाम भाष्यकाराला अम्ब्रोसिआस्तर म्हणतात, त्याने ‘सोला फिदे’ हेच शब्द वापरले आहेत, आणि पुढे थॉमस अक्विनासच्या भाष्यांतही तशी शब्दयोजना आढळते. हे शब्द लूथरने शोधून काढले नाहीत. भाष्यात ते चालून गेले, शास्त्राच्या संहितेत आल्यावर मात्र चालेनात. भाष्यातील ‘केवळ’ला आजूबाजूची वाक्ये आवरीत असतात, संहितेतील ‘केवळ’ हे प्रमाणवचन होते.

नव्या करारात ‘विश्वास’ आणि ‘केवळ’ ही पदे अशा रीतीने एकत्र आलेली एकच जागा आहे, आणि ती लूथरला सर्वांत गैरसोयीची होती. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्य कर्मांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नव्हे, असे विधान आहे. ग्रीकमध्ये तेथे ‘मोनोन’ स्पष्ट आहे. एक गोष्ट येथे सहसा लक्षात घेतली जात नाही. ग्रीक संहितेत पौल आणि याकोब यांची वाक्ये शब्दाला शब्द भिडत नाहीत. पौल ‘नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने’ असे म्हणतो, याकोब ‘केवळ विश्वासाने नव्हे’ असे म्हणतो. ज्याला ही दोन्ही विधाने एकत्र मान्य करावयाची आहेत त्याला वाव उरतो. लूथरच्या जर्मन भाषांतरात हा वाव बुजला. कारण याकोबाच्या वाक्यात मुळाला धरून ‘आलाइन’ आले आणि पौलाच्या वाक्यात भाषेच्या रीतीला धरून तेच ‘आलाइन’ आले. एक प्रेषित ‘केवळ विश्वासाने’ म्हणतो आणि दुसरा ‘केवळ विश्वासाने नव्हे’ म्हणतो, असे दृश्य जर्मन वाचकापुढे उभे राहिले. लूथरने १५२२ च्या नव्या करारात याकोबाचे पत्र मागे टाकले, अनुक्रमणिकेत त्याला क्रमांक दिला नाही, आणि प्रस्तावनेत त्याची संभावना गवताची काडी म्हणून केली. ही शेलकी संभावना पुढील आवृत्त्यांतून वगळण्यात आली. या नापसंतीची कारणे अर्थात सैद्धान्तिक होती. तथापि विरोध इतका उघडा दिसण्यास त्याच्या स्वतःच्या शब्दाने हातभार लावला होता.

वाक्यांतील नामांकडे वळल्यास हा विरोध आणखी विरळ होतो. पौल ज्यांची व्यावृत्ती करतो ती ‘एर्गा नोमू’, नियमशास्त्राची कर्मे, आहेत. याकोबाच्या त्या प्रकरणात ‘एर्गा’ आहे, ‘नोमू’ नाही. आणि त्याची उदाहरणे उघड्याला वस्त्र आणि भुकेल्याला अन्न देण्याची आहेत. पौलाच्या मनात कोणती कर्मे होती? अगुस्तीनपासून लूथरपर्यंतच्या परंपरेने या शब्दप्रयोगाचा अर्थ व्यापक घेऊन त्यात सर्व नैतिक आचरण समाविष्ट केले. इ. पी. सँडर्स यांच्या १९७७ च्या ग्रंथानंतर आणि त्या पाठोपाठच्या जेम्स डन यांच्या लेखनानंतर या अर्थाची फेरतपासणी झाली. सुंता, भक्ष्याभक्ष्याचे नियम आणि शब्बाथ ही यहुदी समाजाची सीमा दर्शविणारी आचरणे पौलाच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने होती, असे डन यांचे प्रतिपादन आहे. मृतसमुद्राकाठच्या हस्तलिखितांपैकी जी संहिता १९९४ साली संपादित होऊन प्रसिद्ध झाली, तीत ‘तोऱ्याची कर्मे’ या अर्थाचा हिब्रू प्रयोग आढळला, आणि तेथेही विषय शुद्धाशुद्धतेच्या व यज्ञविधींच्या नियमांचा आहे. ही गोष्ट डन यांच्या मताला पोषक असली तरी निर्णायक म्हणता येत नाही. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल मजुराच्या मजुरीचा दृष्टान्त देतो, आणि तेथे सुंतेपेक्षा व्यापक अशा काही तरी कमाईचा विचार त्याच्या मनात असल्यावाचून तो दृष्टान्त लागू पडत नाही.

मराठीत प्रचलित असलेल्या पवित्र शास्त्राच्या भाषांतराने येथे एक मार्मिक गोष्ट केली आहे. पौलाच्या ‘एर्गा’ला तेथे ‘कर्मे’ हा शब्द आहे आणि याकोबाच्या ‘एर्गा’ला ‘क्रिया’. मूळ शब्द एकच असता भाषांतर दोन शब्दांत विभागले जाणे हा एरवी दोष मानावा लागेल. येथे मात्र मराठी वाचकाला दोन प्रेषितांतील विरोध लूथरच्या वाचकाइतका तीव्र भासत नाही, हे त्या विभागणीचे फळ आहे. शिवाय ‘कर्म’ या शब्दाला आपल्याकडे विधिनियत कर्माचा जो वास आहे, तो पौलाच्या प्रयोगाला, निदान डन यांच्या अर्थाने, अनपेक्षितपणे जुळतो. त्याच शब्दाला चिकटलेला संचित-प्रारब्धाचा अर्थ मात्र तेथे सर्वस्वी परका आहे. श्रीवैष्णवांतील मार्जारकिशोरन्याय आणि मर्कटकिशोरन्याय यांची या वादाशी तुलना करण्याचा मोह अभ्यासकांना वारंवार होतो. परंतु तेथील प्रश्न शरणागताच्या प्रयत्नाचा आहे, न्यायासनापुढील निवाड्याचा नव्हे. साम्य दिसते तितके खोल जात नाही.

‘पिस्तिस’ हा शब्दही एकजिनसी नाही. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ विश्वास ठेवणे असा होतो, तसाच विश्वासास पात्र असणे असाही होतो. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातच तो देवाला लावलेला आहे, आणि तेथे ‘देवाचा विश्वासूपणा’ हाच अर्थ संभवतो. त्यामुळे ‘पिस्तिस ख्रिस्तू’ या षष्ठ्यन्त प्रयोगाचा अर्थ काय, हा प्रश्न रिचर्ड हेज यांच्या १९८३ च्या प्रबंधापासून पुन्हा चर्चेत आला आहे. कृदन्ताच्या योगात कर्त्याला आणि कर्मालाही षष्ठी होते हे पाणिनीच्या वाचकाला सांगावयास नको. ‘आईची आठवण’ आईने काढलेली असेल किंवा आईविषयीची असेल. तद्वत् हा ख्रिस्तावर ठेवलेला विश्वास असेल किंवा ख्रिस्ताने दाखविलेला विश्वासूपणा असेल. प्रचलित मराठी भाषांतराने ‘वरील’ हे पद योजून कर्मणि षष्ठीचा पक्ष घेतला आहे. कर्तरि षष्ठी मानली तर वादाचे रूपच पालटते. कारण मग कर्माच्या विरुद्ध बाजूला मनुष्याचा विश्वास नसून ख्रिस्ताची निष्ठा उभी राहते. लूथरला स्वतःला षष्ठीच्या या द्व्यर्थतेचा अनुभव होता. १५४५ च्या प्रस्तावनेत त्याने सांगितले आहे की, ‘देवाचे नीतिमत्त्व’ या पदातील षष्ठीचा अर्थ, ज्या नीतिमत्त्वाने देव शिक्षा करतो ते, असा न घेता, जे नीतिमत्त्व देव मनुष्याला देतो ते, असा घेतला तेव्हा त्याला स्वर्गाची द्वारे उघडल्यासारखी वाटली.

मध्ययुगीन पंडितांच्या लॅटिनमध्ये ‘फिदेस’ या शब्दाचा अर्थ आणखी आखडला होता. अक्विनासच्या व्याख्येप्रमाणे विश्वास ही इच्छाशक्तीने प्रेरित अशा बुद्धीची संमती होय. अशी संमती प्रीतीवाचूनही असू शकते. मग ती ‘अनाकारित’ विश्वास होय, आणि तिने कोणाचे तारण होत नाही. भुतेसुद्धा देव एक आहे असे मानतात आणि कापतात, हे याकोबाचे विधान या व्याख्येला अगदी जुळते. लूथर आणि मेलांख्थॉन यांच्या लेखी विश्वास म्हणजे भरवसा. ‘केवळ संमतीने’ आणि ‘केवळ भरवशाने’ ही दोन वाक्ये एक नव्हेत. पण लॅटिनमध्ये दोन्ही ‘सोला फिदे’ अशीच लिहिली जात. गोव्यातील कोंकणी ख्रिस्ती लोक विश्वासाला ‘भावार्थ’ म्हणतात. ‘भाव’ या शब्दाची छटा पंडितांच्या ‘फिदेस’पेक्षा कोबुर्गच्या त्या कैद्यासारख्या रहिवाशाच्या अर्थाला अधिक जवळची आहे, हा योगायोग गमतीचा आहे खरा.

या साऱ्या शब्दभेदांची फेड केल्यानंतरही एक गाठ सुटत नाही, आणि ती क्रियापदात आहे. ‘दिकाइऊन’ हे ग्रीक क्रियापद ‘दिकाइओस’, म्हणजे नीतिमान, या विशेषणापासून झाले आहे. या वर्गातील क्रियापदे पुष्कळदा ‘तसे करणे’ हा अर्थ दर्शवितात. ‘आंधळा’पासून ‘आंधळा करणे’, ‘दास’पासून ‘दास करणे’. परंतु मूल्यवाचक विशेषणांपासून झालेल्या क्रियापदांचा अर्थ ‘तसे मानणे, तसे ठरविणे’ असा होतो. ‘योग्य’पासून ‘योग्य मानणे’. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात ‘दिकाइऊन’ ज्या हिब्रू धातुरूपासाठी येते ते न्यायालयातील निर्दोष ठरविण्याचे रूप आहे. नीतिसूत्रांच्या सतराव्या अध्यायातील एका वचनाची हिब्रू संहिता येथे निर्णायक वाटते. दुष्टाला निर्दोष ठरविणारा परमेश्वराला अमंगळ आहे, असा तिचा आशय आहे. क्रियापदाचा अर्थ ‘नीतिमान करणे’ असता, तर दुष्टाला सुधारणारा मनुष्य अमंगळ ठरला असता! लॅटिन ‘युस्तिफिकारे’ या शब्दाच्या घडणीतच मात्र ‘करणे’ आहे, आणि अगुस्तीनने त्याचा अर्थ प्राधान्याने तसाच घेतला. ‘नीतिमान मानले जाणे’ हा पर्याय त्याने नोंदविला, पण तो परंपरेत रुजला नाही. एक हजार वर्षे पश्चिम युरोपने पौल वाचला तो या लॅटिन शब्दातून.

मराठी भाषांतरकारांनी ‘नीतिमान होणे’ किंवा ‘नीतिमान करणे’ न म्हणता ‘नीतिमान ठरणे’ ही योजना केली आहे, आणि ती ग्रीकला धरून आहे. परंतु शब्दाने प्रश्न मिटत नाही. देवाने ‘ठरविले’ म्हणजे मनुष्यात काही घडले की नाही? देवाचा शब्द रिकामा नसतो, त्याने ठरविले की तसे होते, असे कॅथलिक पक्ष म्हणेल. प्रोटेस्टंट पक्ष म्हणेल की तसे होऊ लागते हे खरे, पण निवाडा त्या होण्यावर अवलंबून नाही. आपल्या नैयायिकांच्या परिभाषेत सांगावयाचे तर कर्मे ही नीतिमत्त्वाचा कारक हेतू की ज्ञापक हेतू, असा हा प्रश्न आहे. धूर अग्नीचे ज्ञान करून देतो, अग्नी उत्पन्न करीत नाही. कॅल्व्हिनने याकोबाचे वाक्य ज्ञापक अर्थाने लावले: कर्मांनी मनुष्य नीतिमान असल्याचे दिसून येते. ट्रेंटच्या परिषदेने तेच वाक्य दहाव्या प्रकरणात उद्धृत केले ते मिळालेल्या नीतिमत्त्वाच्या वृद्धीसंबंधाने. वृद्धी ही उत्पत्ती नव्हे, पण निव्वळ ज्ञापनही नव्हे. ज्याला मरणाच्या अंथरुणावर आपला हिशेब पुरा पडेल की नाही ही धास्ती आहे, त्याच्या दृष्टीने हा भेद शाब्दिक नाही. आपला आधार आपल्याबाहेर आहे असे त्याला सांगावयाचे, की आपल्यात कृपेने जे घडले आहे तेही त्यात धरले जाईल असे सांगावयाचे, हा तो भेद आहे.

१५४१ साली रेगेन्सबुर्ग येथे कार्डिनल कोन्तारिनीच्या उपस्थितीत दोन्ही पक्षांच्या धर्मपंडितांनी या विषयावर एक समाईक मसुदा संमत केला होता. तो रोमला पटला नाही आणि लूथरलाही पटला नाही. त्यानंतर सहा वर्षांनी आलेल्या ट्रेंटच्या निर्णयातील नवव्या नियमाची वाक्यरचना मात्र पाहण्याजोगी आहे. ‘केवळ विश्वासाने’ असे म्हणणाऱ्याला तो सरसकट दोषी ठरवीत नाही. कृपा मिळण्यासाठी दुसऱ्या कशाच्याही सहकार्याची गरज नाही, आणि स्वतःच्या इच्छेने सिद्ध होण्याचीही आवश्यकता नाही, असा अर्थ मनात धरून जो तसे म्हणतो त्याला दोषी ठरवितो. ‘असा अर्थ धरून’ हा गौण वाक्यांश म्हणजे ‘केवळ’ची व्याप्ती आखण्याचा प्रयत्न होय. प्रत्यक्ष वादविवादात तो वाक्यांश लवकरच गळून पडला आणि चार शतके दोन्हीकडून उद्धृत होत राहिला तो निषेधच.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी औग्सबुर्ग येथेच लूथरपंथी विश्वसंघ आणि कॅथलिक चर्च यांनी नीतिमान ठरण्याच्या सिद्धान्ताविषयी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. २००६ साली मेथडिस्टांनी आणि २०१७ साली सुधारित चर्चांच्या विश्वसंघाने तिला अनुमती दिली. या घोषणेचा मार्ग निर्वेध नव्हता. १९९८ साली शंभराहून अधिक जर्मन प्रोटेस्टंट प्राध्यापकांनी तिच्याविरुद्ध निवेदन काढले, आणि त्याच वर्षी रोमनेही आपले आक्षेप कळविले. नीतिमान ठरलेला मनुष्य एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो हे लूथरचे सूत्र रोमला विशेष अडत होते. या आक्षेपांच्या निरसनासाठी घोषणेला एक परिशिष्ट जोडावे लागले. त्या परिशिष्टात, मनुष्य कर्मांवाचून नीतिमान ठरतो या विधानाच्या जोडीला, ‘केवळ कृपेने’ आणि ‘केवळ विश्वासाने’ हे दोन्ही शब्दप्रयोग उभय पक्षांच्या संमतीने आले आहेत. आणि त्यांच्या लगोलग, कृपा मिळालेल्या मनुष्याच्या ठायी ती कार्य करीत राहते, हेही नोंदविले आहे.